तक्त्यावरचं कुंकू

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांबरोबर एका पुस्तकाचीही पूजा व्हायची. लेथला झेंडूची माळ, पत्रा वाकवायच्या रोलला माळ, क्रेनच्या हुकाला माळ, आणि या सगळ्यांच्या मधे पाटावर लाल कापड घालून ठेवलेली एक स्पायरल बाइंडिंगची झेरॉक्स. परदेशातल्या एका संस्थेचं ते मानक. दाबाच्या टाक्या कशा बनवायच्या, पत्रा किती जाड घ्यायचा, वेल्ड कसा तपासायचा, दरवाजा कसा बसवायचा, याचे नियम त्यात होते. गिऱ्हाईक ऑर्डर देताना त्या मानकाचं नाव लिहायचं आणि कारखाना टाकीवरच्या पितळी पाटीवर तेच नाव ठोकायचा. मूळ छापील पुस्तक मात्र तिथे कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. झेरॉक्सची झेरॉक्स होती ती, आणि तिच्याही आधीची एक होती.

पूजेचा मान स्वप्नाली भोपीचा. ती तिथे तपासणीच्या कामाला लागली त्या वर्षी शेडमधे एकटीच बाई होती. क्रेन चालवणारा रामभाऊ हळदीकुंकवाची कोयरी तिच्यापुढे धरून म्हणाला, "मॅडम, तुमच्या हातानं होऊ द्या. आम्ही इतकी वर्षं ग्रीसच्या बोटांनी टिळे लावतोय. मशिनींना काय ते कळत नसेल होय?"

सगळे हसले. स्वप्नालीनं यंत्रांना टिळे लावले आणि शेवटी पुस्तकासमोर बसली. पुस्तक उघडलं की ते आपसूक एकाच पानावर उघडायचं, कारण वर्षभर तेच पान बघितलं जायचं. टाकीचा दरवाजा धरून ठेवणाऱ्या दातांच्या मापांचा तक्ता. तिनं अनामिका कुंकवात बुडवली आणि तक्त्याच्या कडेला, बोट सहज टेकलं तिथे, ठसठशीत टिळा उमटवला. कुंकू ओलं होतं. आरती सुरू झाली. रामभाऊनं नारळ फोडला, तो एका फटक्यात फुटला, आणि वर्ष चांगलं जाणार असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

त्या टिळ्याखाली काय गेलं, हे कळायला बरीच वर्षं जायची होती.

स्वप्नाली सोनिवलीची. तिच्या लहानपणी घरामागे भाताची खाचरं होती, आता तिथे पार्किंगवर उभ्या केलेल्या उंच इमारती आहेत. वडील दौलतराव त्यातल्याच एका इमारतीच्या फाटकावर रखवालदार म्हणून बसतात, म्हणजे एका अर्थी स्वतःच्याच शेतावर राखणीला. आई कौसाबाई उरलेल्या पट्ट्यात माठ, मुळा लावते आणि त्याच इमारतींच्या बायकांना विकते. पोरीनं मेकॅनिकल डिप्लोमा केला तेव्हा गावात कुजबुज झाली होती, की भोपीची पोर लोखंडात जाते, हिला नवरा कुठला मिळणार. स्वप्नालीनं ते कानाआड केलं. तिला मोजायला आवडायचं. एखादी वस्तू बरोबर आहे की नाही यावर दोघं वाद घालत असले, की ती व्हर्निअर लावायची आणि वाद मिटायचा. कारखान्यात तिचं नावच पडलं, गेजवाली. "अरे सरक, गेजवाली आली. तुझं माप घेईल," असं वेल्डर एकमेकांना म्हणायचे, आणि तिला ते ऐकून बरं वाटायचं.

तिला नोकरी दिली ती श्रीपाद ओगल्यांनी. ओगले सर तपासणीचे प्रमुख. पूर्वी ते एका मोठ्या कंपनीत होते, आणि तिथून बाहेर पडताना तिथल्या झेरॉक्सवरून त्या मानकातलं हवं तेवढं पुन्हा झेरॉक्स करून त्यांनीच आणलं होतं. स्वप्नालीच्या पहिल्या खंडेनवमीनंतर काही महिन्यांनी त्या प्रतीची स्पायरल तुटली, पानं निसटायला लागली. मग सरांनी उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका दुकानातून तिची नवी झेरॉक्स करून घेतली. जुनी प्रत सरांनी घरी नेली. पूजा झालेला कागद रद्दीत कसा घालायचा?

नव्या प्रतीत कुंकवाच्या जागी एक काळा ठिपका आला. झेरॉक्स मशीनला लाल काय नि काळा काय. कुणी विचारलं नाही. सर निवृत्त झाले, आणि त्यांच्या खुर्चीत स्वप्नाली बसली.

तोवर हवेच्या टाक्यांचे दरवाजे व्हायचे, रबरवाल्यांचं वाफेचं काम त्यानंतर आलं. रबराचे रोलर वाफेत शिजवावे लागतात. त्यासाठी आडवा पडलेला एक मोठा लोखंडी ढोल असतो आणि त्याच्या एका तोंडाला दरवाजा. दरवाज्याच्या कडेला दात, ढोलाच्या तोंडालाही दात. दरवाजा लावून थोडा फिरवला की दात एकमेकांमागे जातात आणि धरतात. मग आत वाफ सोडायची. ती वाफ दरवाज्याला सारखी बाहेर ढकलत असते. समोर उभा असलेला माणूस आणि ती वाफ, यांच्या मधे दातांची पकड तेवढी असते, दुसरं काही नसतं.

ती पकड किती हवी? स्वप्नालीनं तक्ता उघडला, ढोलाच्या मापासमोरचा आकडा घेतला आणि ड्रॉइंगवर सही केली. बाहेरून तपासायला येणारा माणूस पत्र्याची जाडी मोजायचा, दाबाची चाचणी बघायचा. दात तो ड्रॉइंगशी ताडायचा, आणि ड्रॉइंग तिचं होतं. ढोल एकामागून एक बाहेर पडले. एक भिवंडीला गेला, काही गुजरातेत, काही आणखी कुठे. एक बदलापूरला गेला, तिचा धाकटा भाऊ सुजित जिथे ऑपरेटर होता त्या रबराच्या कारखान्यात. त्या वेळी घरात पेढे वाटले होते. "ताईनं बनवला, भाऊ चालवतो," असं दौलतराव फाटकावर सगळ्यांना सांगत होते.

यंदा गणपती उठले आणि शेजारच्या एका फॅब्रिकेटरला वकिलाची नोटीस आली. त्याच्याकडे मानकांच्या चोरट्या प्रती आहेत, त्या नष्ट करा, भरपाई द्या. वसाहतीत वारा सुटावा तशी बातमी पसरली. कारखान्याचे मालक हरेशशेठ, कॅम्प दोनमधेच वाढलेले, आयुष्यात कशाला घाबरले नव्हते, पण वकिलाच्या कागदाला घाबरले. त्यांनी त्याच आठवड्यात मानकाची खरी प्रत विकत घेतली. ती पुस्तक नव्हतीच. ती एक फाइल होती, शेठच्या केबिनमधल्या एकाच कॉम्प्युटरवर उघडणारी. छापता यायची नाही. दर पानावर फिकट अक्षरांत तिरकं लिहिलेलं होतं, हरेश तलरेजा, हरेश तलरेजा.

"बघ बेटा," शेठ म्हणाले, "इतना पैसा दिया, और नाव माझंच माझ्या पानावर. शादी के कार्ड पे भी इतनी बार नहीं छपा था."

"शेठ, एक प्रत शेडमधे पाहिजे. तिथे काम चालतं."

"एक लायसन, एक मशीन. शेडमधे पाहिजे तर दुसरं घ्या म्हणतात. आणि ती जुनी झेरॉक्स आजच्या आज भट्टीत टाक."

"टाकते. आधी दोन्ही ताडून बघू द्या."

शेठनी घड्याळाकडे पाहिलं. "मैं खाना खाता हूं. तोपर्यंत बस. फोटो नाही काढायचा हां, साईं. हात जोडतो."

शेठ डबा उघडून बसले, पालक-डाळीच्या सिंधी साई भाजीचा वास केबिनभर झाला, आणि स्वप्नाली पानं सरकवत दरवाज्याच्या तक्त्यापर्यंत आली. मांडीवर झेरॉक्स. आकडे तेच होते, रांगेनं तेच. ती सुटकेचा श्वास टाकणार तेवढ्यात तिची नजर कडेला गेली. झेरॉक्समधे जिथे काळा ठिपका होता, तिथे स्क्रीनवर ठिपका नव्हता. तिथे एक बारीक चांदणी होती.

चांदणी म्हणजे टीप. टीप प्रकरणाच्या अगदी शेवटी, जी पानं झेरॉक्समधे कधी आलीच नव्हती. ती शेवटापर्यंत गेली. वाफेवर चालणाऱ्या आणि दिवसातून अनेकदा उघडणाऱ्या दरवाज्यांना हा आकडा लागू नाही, असं तिथे लिहिलं होतं. पकड दीडपट हवी. आणि दात झिजले की थांबायचं, किती झिजले की थांबायचं, तेही लिहिलं होतं.

तिनं पुन्हा वाचलं. मग आपल्या उजव्या हाताच्या अनामिकेकडे पाहिलं.

"क्या हुआ?" शेठ म्हणाले. "भूक लगी? बस ना, जेव."

"नाही शेठ," ती म्हणाली. "काही नाही."

ती तशीच रिक्षा करून चिखलोलीला ओगले सरांकडे गेली. नव्या वस्तीतली त्यांची इमारत, खाली अजून खडी पसरलेली. दार सरांच्या बायकोनं, पद्मजाताईंनी उघडलं. जुन्या झेरॉक्सचं नाव काढताच त्या स्टूल घेऊन माळ्यावर चढल्या आणि लाल कापडात बांधलेलं गाठोडं खाली घेऊन आल्या. "टाकू म्हटलं की हे ओरडतात. म्हटलं, देवाचं आहे तर देवात ठेवा, नाहीतर कारखान्यात परत द्या."

सरांनी पान सोडवलं. कुंकू सुकून तपकिरी झालं होतं. वरून काहीच दिसेना. सरांनी पान उलटं करून खिडकीच्या उजेडात धरलं, आणि कागदाच्या पाठीमागून, टिळ्याच्या आत बसलेली चांदणी दिसली. बारीक, काळी, स्पष्ट.

खाली कुठेतरी खडी ओतल्याचा आवाज झाला.

"माझं बोट, सर," स्वप्नाली म्हणाली.

"बोटाचं काय घेऊन बसलीस! टिपांची पानं मी वगळली होती. मोठ्या कंपनीत मशीनपाशी उभा होतो, कुणी येईल म्हणून घाई. लागेल तेवढंच घेतलं." सरांनी चष्मा काढला. "तेव्हा ती चोरी वाटली नाही. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणावी तसं वाटलं."

"मुळात हे फुकट का नाही, सर? आपली देशी मानकं आता इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येतात."

"आणि तुझं गिऱ्हाईक ती घेत नाही, त्याला हीच हवी. हे बघ, तुला वाटतं हे आकडे झाडाला लागतात? कुणीतरी दरवाजे फुटेपर्यंत ताणले. माणसं वर्षानुवर्षं बसली, भांडली, तेव्हा एक ओळ ठरली. त्याचा खर्च कुणी करायचा? फुकट दिलं तर पुढची ओळ कोण लिहील?"

"मान्य आहे. पण ज्याच्या छातीसमोर तो दरवाजा आहे, त्याला ती ओळ वाचायला मिळू नये?"

"त्याच्या मालकानं विकत घ्यावी."

"आमच्या मालकानं घेतली की! त्यांच्या केबिनमधे आहे. मला जेवणाच्या सुट्टीत बघायला मिळाली."

पद्मजाताई चहा ठेवत म्हणाल्या, "म्हणजे नियम पाळायची सक्ती सगळ्यांना, आणि वाचायची परवानगी एकाला? आमची सोसायटी बरी मग. तिथे निदान नियम जिन्यात लावतात. पाळत कुणी नाही, पण लावतात."

निघताना सर दारापर्यंत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "स्वप्नाली, शेठना सांग. पण जपून. ड्रॉइंगवर सही तुझी आहे."

हरेशशेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, केबिनचं दार लावलं आणि पंख्याचा वेग वाढवला, म्हणजे बाहेर आवाज जाऊ नये.

"सगळ्या गिऱ्हाइकांना पत्र पाठवू, शेठ. ढोल बंद ठेवा, आम्ही दात बदलून देतो."

"पत्र पाठवलं की पहिला सवाल काय येईल? तुम्हाला आत्ता कसं कळलं? आधी कुठल्या पुस्तकावर बनवत होता? बिल दाखवा." शेठनी कॉम्प्युटरकडे बोट केलं. "बिल या महिन्याचं आहे. ढोल कधीचे आहेत? पाटीवर नाव कधीपासून ठोकतोय आपण? हम खुद लिख के देंगे, की साहब, हमने चोरी की. वकील तर शेजारीच बसलाय."

"पण शेठ, दरवाजा..."

"दात बदलेंगे. नक्की बदलेंगे. जो जो सर्व्हिसिंगला येईल, त्याचे चुपचाप बदलून देऊ. माझा शब्द."

"आणि जो यायच्या आधीच..."

"इतने दिन कुछ हुआ?" शेठ म्हणाले. पण हे म्हणताना ते तिच्याकडे बघत नव्हते.

त्या संध्याकाळी सोनिवलीला घरी सुजित पायऱ्यांवर बसून भेळ खात होता. स्वप्नालीनं सहज विचारल्यासारखं केलं, "तुमचा दरवाजा कसा चालतो रे?"

"चालतो की. वाफ भरली की टक्क करून वाजतो, बस."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. पहिल्यांदा आम्ही दचकलो. आता कुणी बघत पण नाही. कधी कधी उघडताना अडकतो, मग हातोडीनं दोन दिल्या की सुटतो." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "काय गं? तोंड का असं केलंस?"

तिनं सगळं सांगितलं. सुजितच्या हातातली भेळ तशीच राहिली. आतून कौसाबाई ऐकत होती. ती बाहेर आली आणि मुळ्याची जुडी बांधता बांधता म्हणाली, "बाय, आपल्या शेताचा नकाशा पन असाच त्या बिल्डरच्या कपाटात व्हता. तुझ्या बापाला कल्ला तवा पाया खनून झाला व्हता." आणि परत आत गेली.

दुसऱ्या दिवशी स्वप्नाली बदलापूरच्या त्या कारखान्यात गेली. सुजितचा सुपरवायझर विनीत ओळखीचा होता, त्यानं ढोल थंड असताना बघू दिला. तिनं दातांच्या फटीत गेज घातलं. दात एका बाजूनं चकचकीत झाले होते, कडा गोल झाल्या होत्या. आधीच कमी असलेली पकड आणखी झिजली होती. तिनं गेज बाहेर काढलं आणि पुन्हा घातलं, कारण पहिल्या मापावर तिला विश्वास ठेवायचा नव्हता. माप तेच आलं.

"विनीतदादा, हा बंद करा. आत्ता."

विनीत समजूतदार होता. त्यानं तिला चहा पाजला. "सुजितची बहीण म्हणून तुमचं ऐकतो मी. पण बहिणीच्या सांगण्यावर लाइन थांबवली, तर उद्या मला घरी बसवतील. तुमच्या कंपनीच्या लेटरहेडवर द्या."

"ते नाही मिळणार."

"मग मानकातलं पान द्या. एक पान. जिथे लिहिलंय ते. मी साहेबांच्या टेबलावर आपटतो, पुढच्या मिनिटाला वाफ बंद."

"ते विकत मिळतं."

"एका पानासाठी अख्खं पुस्तक?" विनीत हसला, पण त्याला हसू आलं नव्हतं. "परचेसला फाइल जाईल, तिथून मुंबई ऑफिसला. परदेशी पैशाचा मामला म्हटल्यावर आणखी कुणाची तरी सही लागेल. तोपर्यंत मी काय करू? रोलर कच्चे पाठवू?"

मागे शेडमधे दुसऱ्या पाळीची माणसं दरवाजा लावत होती. सुजितनं हातमोजे घातले. वाफेचा व्हॉल्व्ह उघडल्याचा सीत्कार आला, तो हळूहळू जाड होत गेला, आणि मग शेडच्या पत्र्यांखाली एक आवाज झाला. टक्क. कुणी वळून पाहिलं नाही. स्वप्नालीनं पाहिलं. सुजितनंही पाहिलं, आणि तो दरवाज्यासमोरून बाजूला सरकला. त्याच्या बाजूचा माणूस मात्र तिथेच उभा राहून तंबाखू मळत होता.

ती तिथून थेट कारखान्यात आली. शेठ जेवत होते. ती म्हणाली, "शेठ, मला पुन्हा तो तक्ता बघायचाय." शेठनी पोळीचा तुकडा मोडत कॉम्प्युटरकडे मान हलवली. मग ते हात धुवायला उठले. बेसिन केबिनच्या बाहेर होतं.

तिनं तक्ता उघडला, फोन वर धरला, फोटो काढला. टिपांच्या पानाचाही काढला. दोन्ही फोटोंत शेठचं नाव कोपऱ्यातून कोपऱ्यात गेलेलं होतं, आकड्यांवरून, चांदणीवरून. ते काढून टाकायला वेळ नव्हता आणि तिला ते येतही नव्हतं. शेठ हात पुसत आत आले.

"मिल गया?"

"हो," ती म्हणाली.

पायऱ्या उतरता उतरता तिनं दोन्ही पानं विनीतला पाठवली. थोड्या वेळानं उत्तर आलं. वाफ बंद केली. साहेबांनी स्वतः येऊन दात बघितले, त्यांचा चेहरा पडला. खाली आणखी एक ओळ होती. "रबरवाल्यांच्या ग्रुपवर टाकू का? तुमचे ढोल बऱ्याच जणांकडे असतील."

ती फाटकापाशी उभी राहिली. रामभाऊ क्रेनवरून ओरडला, "ओ गेजवाली, उन्हात काय उभ्या?" तिनं लिहिलं, टाका.

पानं गेली ती गेली. ती कुठे कुठे पोचली, कुणी उघडून वाचली, कुणी ग्रुपवरच्या शुभेच्छांच्या फुलांच्या फोटोंखाली ती पुरली गेली म्हणून बघितलीच नाहीत, याचा तिला काही पत्ता लागला नाही. ढोल कुणाकुणाला गेले त्याची नावं शेठकडे होती. तिनं एकदा मागितली. शेठ म्हणाले, "सर्व्हिसिंग को आयेंगे ना." पुढचे दिवस ती कामावर यायची, मापं घ्यायची, आणि बाहेर कुठे पत्रा पडला तरी दचकायची.

खंडेनवमी आली. यंत्रांना माळा पडल्या. पाटावर लाल कापड घातलं आणि सगळे थांबले, कारण ठेवायला पुस्तक नव्हतं. झेरॉक्स भट्टीत गेली होती.

"आता?" रामभाऊ म्हणाला. "शेठचा कॉम्प्युटर आणू? त्यात आहे म्हणे."

"वर केबिनमधेच करू," कुणीतरी म्हणालं. मग रामभाऊ कोयरी घेऊन आणि स्वप्नाली त्याच्यामागून वर गेली. शेठ खुर्चीत बसले होते, नवा पांढरा कुर्ता घालून. त्यांच्या हातात फोन होता. त्यांनी तो टेबलावर तिच्याकडे फिरवून ठेवला.

त्यात दरवाज्याचा तक्ता होता. कुणीतरी चांदणीभोवती लाल गोल काढला होता. आणि तिरक्या फिकट अक्षरांत, हरेश तलरेजा.

"मेरे साले ने भेजा, अहमदाबाद से," शेठ म्हणाले. आवाज शांत होता. "विचारतो, तू पुस्तकं कधीपासून छापायला लागला? ये मेरा ही नाम है ना, बेटा?"

"हो, शेठ."

"अहमदाबादला पोचलं म्हणजे वकिलाकडे पण पोचलं."

"पोचलं असेल."

"और गिऱ्हाईक? सगळ्यांकडे पोचलं?"

"ते मला कसं कळणार, शेठ? नावं तुमच्याकडे आहेत."

रामभाऊ कोयरी धरून दारातच उभा होता. खालून माणसांच्या हसण्याचा आवाज येत होता. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला, कंपनीचा जुना, तारेचा. ढोलावरच्या पितळी पाटीवर तोच नंबर असतो. शेठनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"वकील असेल," ते म्हणाले.

सणाच्या दिवशी वकील कशाला फोन करेल, असं स्वप्नालीच्या मनात आलं. तिनं फोन उचलला. पलीकडे आधी नुसता शेडचा गोंगाट होता. मग एक तरुण आवाज, घाईचा. "मैडम, पाटी पे यही नंबर है. व्हाट्सऐप पे एक पन्ना आया है, दरवाज़े का. हमारा भी आपका ही बना हुआ है. दरवाज़ा अटक गया है. काँटा तो ज़ीरो दिखा रहा है, पर अंदर से आवाज़ आ रही है. दो हथौड़ी मार दें क्या?"

"नको!" आत वाफ उरलीय हे ओळखून ती ओरडली, आणि मग हिंदीत, "मत मारो! हाथ मत लगाओ उसको! सामने कौन खड़ा है?"

"सब खड़े हैं, मैडम. पूजा के लिए खाली करना है ना."

शेठ उठले. त्यांनी तिच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि स्पीकरचं बटण दाबलं. आवाज मालकाचा होता. "सुन, मैं हरेश तलरेजा बोल रहा हूं. पाटी पे जिसकी कंपनी का नाम है ना, वही. सबको सामने से हटा. सबको. बाजू में नहीं, शेड के बाहर. स्टीम की मेन लाइन बॉयलर पे जा के बंद कर. फिर कोई अंदर नहीं आएगा, जब तक मैं ना बोलूं. फोन चालू रख, नीचे रख दे, और निकल."

फोन कुठेतरी लोखंडावर टेकल्याचा आवाज आला. पावलं धावत लांब गेली. कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं, ती हाकही लांब गेली.

शेठ हळूच खुर्चीत बसले. फोनपासून नजर न काढता त्यांनी ड्रॉवर उघडला, गिऱ्हाइकांच्या नावांची फाइल काढली आणि तिच्याकडे सरकवली. "लाव," ते म्हणाले. "तुझ्या फोनवरून. सबको लगा."

स्वप्नालीनं पहिला नंबर फिरवला. रामभाऊनं कोयरी कॉम्प्युटरजवळ ठेवली, आणि कुंकू लावायचं कुणाला सुचलं नाही. टेबलावरच्या फोनमधून वाफेचा बारीक सूर येत होता. मधेच, अगदी जवळून वाजल्यासारखं, टक्क झालं. तिघंही कान देऊन होते, पण सूर उतरतोय की चढतोय, हे अजून कळत नव्हतं.